मोरीपासून वर : एका पावसाळी गटारीचं प्रकरण

पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात. अशाच एका तरण्या पावसात, रात्री साडेअकराच्या सुमारास, जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत पाणी उंबरे ओलांडून घरांत शिरलं. त्याच वर्षी मे महिन्यात गल्लीच्या वरच्या अंगाला आम्ही नवी, रुंद, काँक्रीटची गटार बांधून पूर्ण केली होती. गटार नव्हती तेव्हा गल्लीत घोटाभर पाणी यायचं आणि तासाभरात ओसरायचं. गटार झाली आणि पाणी माजघरात आलं.

प्रकरण बेळगाव परिसरातल्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हद्दीतलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. कामाचा प्रभारी अभियंता मी होतो आणि वरच्या टप्प्याच्या नकाशावर सही माझी आहे. म्हणून यातल्या चुका मोजताना पहिली माझीच मोजली आहे.

जागा

जमीन तीन टप्प्यांत उतरते. सगळ्यात वर जांभ्याचा तांबडा माळ. पूर्वी इथे गुरं चरायची, आता प्लॉट पडून कॉलनी उभी आहे. मध्ये जुनी वस्ती : चिऱ्याच्या भिंती, कौलारू घरं, दोन माणसं छत्र्या उघडून शेजारून जाऊ शकणार नाहीत एवढ्या अरुंद बोळी. वस्तीखाली एक मोठा रस्ता आडवा जातो, त्याच्या पोटात मोरी, म्हणजे पाणी रस्त्याखालून पलीकडे जायची वाट. मोरीपलीकडे काळ्या मातीचं भाताचं शिवार आणि शिवाराच्या कडेनं नाला. हे पाणी पुढे मार्कंडेयला, मार्कंडेयमधून घटप्रभेला आणि शेवटी कृष्णेला जातं.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना हे चित्र नव्यानं सांगायला नको. बळ्ळारी नाल्याकाठी पावसाळ्यात भात पाण्याखाली जाणं, जलपर्णीनं नाला भरणं, गाळ काढा म्हणून निवेदनं देणं हे तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. आमचं ठिकाण त्याहून फार लहान, पण दुखणं त्याच जातीचं : शहर वर, शिवार खाली, आणि मधल्या पाण्याला धनी कोणी नाही.

पावसाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पहिल्या अंदाजपत्रकातली पहिली चूक तिथे आहे. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगवते, तो याच्या कितीतरी पट होतो. पूर्वेला अथणीकडे तोच निम्म्याहून खाली येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना आमच्या अंदाजपत्रकातली पावसाची तीव्रता दुसऱ्या तालुक्यातल्या एका कामातून जशीच्या तशी उचललेली होती. आकडा पाहून मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

काम तुकड्यांत कसं गेलं

माळावरच्या कॉलनीची मागणी जोरात होती आणि रास्तही होती. रस्त्यावर पाणी साचत होतं, शाळेच्या गाड्या अडकत होत्या. त्या वॉर्डासाठी निधी मंजूर होता, जागा मोकळी होती, अतिक्रमण नव्हतं, झाडं तोडायची नव्हती. निविदा निघाली, ठेकेदार आला, काम सरळ उरकलं. २ मीटर रुंद, दीड मीटर खोल, दोन्ही बाजूंना आरसीसी भिंती. बांधकाम म्हणून त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

खालचा टप्पा ‘पुढच्या वर्षी’ धरला होता. मधली वस्ती दुसऱ्या वॉर्डात होती. मोरी ज्या रस्त्याखाली होती तो रस्ता दुसऱ्या खात्याचा. मोरीपलीकडचं शिवार तर आमच्या हद्दीतच नव्हतं, ते शेजारच्या ग्रामपंचायतीत. आमच्या निधीतला एक रुपयाही हद्दीपलीकडे खर्च करता येत नव्हता. म्हणजे जिथे काम सोपं होतं तिथून आम्ही सुरुवात केली आणि ज्या टोकातून पाणी बाहेर पडणार होतं ते टोक सगळ्यात शेवटी ठेवलं. कागदावर याला ‘टप्पा एक’ म्हटलं की ते शहाणपणाचं वाटतं.

सकाळची पाहणी

त्या रात्री सव्वाबाराला पोचलो तेव्हा गल्लीत लाइट गेली होती. एका घरात आजी कॉटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, खाली तांदळाचं पिंप आडवं होऊन तरंगत होतं. मला पाहून त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पाणी दरसालचं हाय रे बाळा, खरं उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं.” या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस काम केलं आहे.

सकाळी खाली गेलो तर मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी शेतकऱ्यांनी मातीची पोती रचलेली. कार्यालयातून फोन आला होता की सरकारी कामात अडथळा म्हणून तक्रार द्यायची. मी आधी पोत्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, “पाणी अडवूलोय न्हाई साहेब, भात वाचवूलोय.” मागे त्याचं रोप पिवळ्या, घाण पाण्याखाली आडवं पडलं होतं. मेअखेर धूळवाफ पेरणी करून, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात बी टाकून, मृगाची वाट बघत वाढवलेलं पीक. तक्रार दिली नाही. पोती त्यानंच दुपारी काढली.

दोन दिवसांनी पाऊस उघडला तसं पातळी मोजायची दुर्बीण (ऑटो लेव्हल) आणि पट्टी घेऊन नाल्यापासून सुरुवात केली आणि चढत वर गेलो. हे आम्ही आधी कधीच केलं नव्हतं. सर्वेक्षण नेहमी वरून खाली यायचं आणि वॉर्डाच्या हद्दीशी थांबायचं. जे सापडलं ते असं : मोरीत ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे गोल नळ, दोन्ही जवळजवळ तिसरा हिस्सा गाळानं भरलेले. त्यापुढे शिवारातला चर इतका भरलेला की त्याचा तळ पाइपांच्या तळापेक्षा वीतभर वर. पाण्याला शेवटच्या टप्प्यात चढ होता. वस्तीतली जुनी दगडी गटार जेमतेम दोन फूट रुंद, आणि तिच्या पोटातून मध्येच नळाची पाइपलाइन आडवी गेलेली. त्या पाइपला प्लास्टिक, चिंध्या, नारळाच्या शेंड्या अडकून बांध तयार झाला होता. हीच पाइपलाइन गल्लीला प्यायचं पाणी देते, हे वेगळं सांगायला नको.

आकडेमोड

हा भाग थोडा सविस्तर मांडतो, कारण बैठकांमध्ये वाद इथे मिटला. शहरी निचऱ्यासाठी रूढ पद्धत सोपी आहे. पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि त्या जमिनीवरून किती हिस्सा वाहून जातो तो गुणांक, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं. सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळतं. केंद्रीय गृहनिर्माण व नगरव्यवहार मंत्रालयाच्या सीपीएचईईओ या तांत्रिक विभागानं २०१९ मध्ये पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र मॅन्युअल काढलं आहे, त्यातही ही रीत आहे.

माळाचं क्षेत्र ४० हेक्टर आणि तासाला ६० मिलिमीटरची सर धरली. माळ उघडा, गवताचा होता तेव्हाचा गुणांक ०.३ घेतला तर सेकंदाला २ घनमीटर पाणी येतं. आज तिथे स्लॅब, फरशा, डांबर आहे. गुणांक ०.७ घेतला की तेच पाणी ४.६७ घनमीटर होतं. पाऊस तोच, ढग तेच. फरक जमिनीवर आपण जे पसरलं त्याचा. शिवाय गवतातून रेंगाळत येणारं पाणी आता काँक्रीटवरून धावत येतं, त्यामुळे सगळीकडचं पाणी एकाच वेळी खाली पोचतं.

आता खाली बघा. ५०० ला १ या उताराला, म्हणजे पाचशे मीटरला एक मीटर उतरताना, ९०० मिलिमीटरचे दोन पाइप स्वच्छ असताना, पाणी न तुंबता, सेकंदाला सुमारे दीड घनमीटर पाणी नेतात. गाळ भरलेले असताना त्याहूनही कमी. वरून पावणेपाच येतंय, बाहेर दीडही पडत नाही. उरलेलं पाणी कुठे थांबणार? गल्लीत. नव्या गटारीनं पाणी वाढवलं नव्हतं. तिनं ते लवकर आणि एकदम आणून गल्लीच्या तोंडाशी सोडलं होतं. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा माळावरच्या कॉलनीचे नगरसेवक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच सुचवलं की त्यांच्या वॉर्डातला उरलेला निधी खालच्या मोरीच्या कामाला वळवावा. नियमात ते ठरावाशिवाय बसत नव्हतं, ठराव त्यांनीच मांडला.

गाळाचाही हिशेब करून बघावा. दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल काँक्रीटची गटार त्याच उताराला भरून वाहिली तर साधारण ३.२ घनमीटर पाणी नेते. तिच्या तळाशी ४० सेंटिमीटर गाळ बसू द्या, तीच गटार १.९ वर येते. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या गटारीची चाळीस टक्के ताकद गाळ खातो आणि अंदाजपत्रकात गाळ काढण्याला ओळसुद्धा नसते.

देवळाच्या मंडपात

शिवारातल्या लोकांची बैठक त्यांच्याच देवळात घेतली, कार्यालयात बोलावलं नाही. त्याआधी एक चूक सुधारावी लागली. जमिनीच्या मोजणीची नोटीस कार्यालयीन नियमाप्रमाणे कन्नडमध्ये गेली होती. शेतकरी मराठी शाळेत शिकलेले, त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटलं जमीन जाणार. भीतीपोटी हरकती आल्या. मी ऑफिसात कन्नड बोलतो, घरी मराठी. त्या दिवशी नोटीस ओळीनं दोन्ही भाषांत वाचून दाखवली, नकाशा फरशीवर पसरला आणि प्रत्येकाला स्वतःच्या वाफ्यावर बोट ठेवायला सांगितलं. अर्ध्या हरकती तिथेच मागे घेतल्या गेल्या. सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्यानं हा एक तास वेगळा काढलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मग ज्याला जी भाषा येते त्या बाजूनं.

चराची जागा कागदोपत्री नाल्याचीच होती. उताऱ्यांवर ती ‘ब खराब’ म्हणून, म्हणजे सार्वजनिक वापराची म्हणून दाखवलेली. पण पिढ्यान् पिढ्या बांध सरकत सरकत चर अर्ध्यावर आला होता. एका वयस्क शेतकऱ्यानं उभं राहून सांगितलं, “बांध माझ्या बापानं सरकवला, मी बघिटलोय. मोजा, जेवढं नाल्याचं तेवढं घ्या. खरं एक अट : वरची घाण आमच्या शिवारात नको.” ही अट सगळ्या बैठकीचा गाभा होती. पावसाच्या पाण्याला त्यांचा विरोध नव्हता, भाताला पाणी लागतंच. विरोध होता मोरीतून बारमाही येणाऱ्या संडास-बाथरूमच्या पाण्याला. वरच्या टप्प्यात किती घरांनी आपली सांडपाण्याची पाइप आमच्या नव्या पावसाळी गटारीत सोडली होती, ते आम्ही तोवर मोजलंच नव्हतं.

दुसरी अट वेळेची. सुगी आटोपली की या काळ्या रानात ओलीवर मसूर आणि वाटाणा घेतात. बेळगावच्या शिवाराची मसूर खाल्लेल्याला तिचं मोल सांगावं लागत नाही. ती फेब्रुवारीत निघते. मेअखेर पुन्हा धूळवाफ पेरणी. म्हणजे शिवारात यंत्र घालायला अडीच-तीन महिने. त्या वर्षापुरतं आमचं वेळापत्रक त्यांनी उलटं केलं आणि ते बरोबर होतं. निविदेची, मंजुरीची, दुसऱ्या खात्याच्या परवानगीची कामं पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत संपवायची, कार्यादेश जानेवारीत द्यायचा, मसूर निघाली की चरात उतरायचं. एरवी आमच्याकडे कार्यादेश मार्चअखेरच्या घाईत निघतो आणि खोदाई ऐन वळवाच्या पावसात सापडते.

नवा आराखडा

सगळ्यात खाली मातीचा चर मोजून पूर्ण रुंदीचा केला, काठ तिरपे ठेवले, शेतकऱ्यांना ट्रॅक्टर नेता यावा म्हणून दोन ठिकाणी फरसबंद उतार दिले. हद्दीबाहेरच्या या कामासाठी ग्रामपंचायतीबरोबर संयुक्त ठराव करावा लागला. मोरीत पाइपांच्या जागी २ मीटर रुंद, दीड मीटर उंच बॉक्स. १.२ मीटर खोल पाणी वाहिलं तरी त्यातून पावणेपाच घनमीटर जातं आणि वर एक फूट मोकळा राहतो. हे काम रस्ता ज्यांचा त्या खात्यानं करायचं आणि पैसे आम्ही भरायचे असं ठरलं. त्या पत्रव्यवहारात सगळा पावसाळा गेला. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो याच एका मोरीनं, खोदाईनं नव्हे.

वस्तीतल्या गल्लीत दीड मीटरपेक्षा रुंद गटार बसत नव्हती. घरांच्या पायऱ्या तोडूनही बसली नसती, आणि त्या पायऱ्यांवर माणसं संध्याकाळी बसतात. ३.२ घनमीटर नेणारी गटार, येणारं पाणी ४.६७. सेकंदाला जवळजवळ दीड घनमीटर जादा. जोराची सर अर्धा तास टिकली तर हे जादा पाणी २,७०० घनमीटर होतं. वस्ती आणि माळ यांच्या मध्ये एक जुनं तळं होतं, निम्मं डबरानं बुजलेलं. ३,००० चौरस मीटर जागेत एक मीटर खोली मोकळी केली की हिशेब जुळत होता. तळ्याला कमी उंचीचा सांडवा ठेवला, गटार भरली की पाणी तळ्यात चढतं आणि सर ओसरली की हळूहळू परत उतरतं. ज्या कोणी जुन्या काळी ते तळं तिथे खणलं त्याला उतार नीट कळत होता.

सांडपाण्याचं काम सगळ्यात नकोसं ठरलं. घरोघर जाऊन रंगीत पाणी सोडून बघायचं, पाइप कुठे निघते ते टिपायचं, मग भुयारी गटारीची जोडणी करून घ्यायची. जिथे ती नव्हती तिथे शोषखड्डा. सगळी घरं झाली नाहीत. जी राहिली त्यांची यादी मी बदलीच्या वेळी हस्तांतराच्या कागदात लावली आहे.

ठेका आणि मोजमाप

निविदेत एक अट घातली : काम मोरीपासून वर चढत करायचं, खालच्या भागाची तळपातळी तपासून मान्य झाल्याशिवाय वरच्या भागाचं मोजमाप पुस्तकात चढणार नाही. ठेकेदार आधी नाराज झाला आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चरातलं काम अवघड, पैसे अडकणार, मजूर टिकणार नाहीत. तेव्हा बिलाचे टप्पे लहान केले. पन्नास-साठ मीटर झालं, पातळी तपासली, की लगेच बिल. तळाची पातळी दर दहा मीटरवर मेस्त्रीच्या आणि माझ्या समोर वाचली जायची आणि दोघांच्या सह्या व्हायच्या. भिंत दोन सेंटिमीटर जाड-बारीक झाली तर दुरुस्त करता येते. तळ दोन सेंटिमीटर उलटा गेला तर तिथे जन्मभर डबकं राहतं, डास होतात, गाळ बसतो.

गल्लीतली नळाची पाइपलाइन गटारीच्या पोटातून काढून बाजूनं नेली. चार दिवस टँकर लावले. झाकणं दोन माणसांना पहारीनं उचलता येतील एवढीच केली आणि ठरावीक अंतरावर लोखंडी जाळ्या दिल्या. लोकांनी झाकणांवर सिमेंट ओढून पायऱ्या करू नयेत म्हणून प्रत्येक घराची पायरी आम्हीच, सुटी निघेल अशी करून दिली. गल्लीच्या तोंडाशी, गटार सुरू होते तिथे, गाळ बसायला एक खोल चेंबर केलं. जेसीबीचा हात पोचेल अशा जागी.

पुढचा पावसाळा

तरणा पाऊस पुन्हा आला, त्यामागून पुष्य नक्षत्राचा म्हाताराही आला. गल्लीत दोनदा पाणी गटारीबाहेर आलं, रस्त्यावर चार बोटं चढलं आणि पाऊणएक तासात उतरलं. उंबरे कोरडे राहिले. शिवारात एका ठिकाणी चराचा काठ खचला आणि एका शेतकऱ्याच्या दोन वाफ्यांतलं रोप वाहून गेलं. काठाची माती नीट दाबली गेली नव्हती. ती दुरुस्ती ठेकेदारानं दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातले दोष त्यानंच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, केली. रोपाची भरपाई देण्याची तरतूद कुठल्याच शीर्षात नव्हती. शेजाऱ्यांनी आपल्या वाफ्यातलं जादा रोप काढून त्याला दिलं आणि लावणही सगळ्यांनी मिळून केली.

मोरीच्या आतल्या भिंतीवर मी तांबड्या ऑइलपेंटनं रेघा मारून घेतल्या आहेत, तळापासून दर दहा सेंटिमीटरला एक. दुसरी रेघ गाळात गेली की साफसफाई करायची असं ठरलं, आणि ती बघायची जबाबदारी बांध सरकवल्याचं कबूल करणाऱ्या त्या वयस्क शेतकऱ्यानं स्वतःहून घेतली. त्यांचं रान मोरीला लागूनच आहे. गाळ काढण्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून घालून घेतला, तो दरवर्षी नव्यानं मंजूर व्हावा लागतो.

माझी बदली झाल्यावरही रोहिणी नक्षत्र निघायच्या आधी त्यांचा फोन येतो. यंदाही आला. “साहेब, दुसरी रेघ बुडाली.” मी माझ्या जागी आलेल्या बाईंना कळवलं. जेसीबी त्या दिवशी मोकळा नव्हता, तिसऱ्या दिवशी पोचला. पाऊस त्यानंतर चार दिवसांनी सुरू झाला.